तापणारा प्रोसेसर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर फार तापतो. त्यांतली पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. बहुतेकांनी तापमानाचा एकच आकडा कळवला आहे आणि "हे जास्त आहे का?" असे विचारले आहे. नुसत्या आकड्यावरून निदान करता येत नाही. त्या वेळी खोली किती तापलेली होती, संगणक कोणते काम करत होता आणि तो आकडा तिथवर पोहोचायला किती वेळ लागला, या तीन गोष्टी कळल्या तर अर्धे काम होते. त्यांतही तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी असते. काही सेकंदांत नव्वदीला भिडणारा प्रोसेसर आणि वीस मिनिटांत हळूहळू नव्वदीपर्यंत चढणारा प्रोसेसर यांचा आकडा एक असला तरी त्यांचे दुखणे एक नसते.

प्रश्न : चंद्रपुरात आमचा डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचा व्यवसाय आहे. संगणक २०२० च्या अखेरीस जुळवून घेतला. प्रोसेसर कोअर आय५-१०४००, आणि त्याच्याच खोक्यात आलेला पंखा. एप्रिल लागल्यापासून दुपारी मोठी फाइल एक्स्पोर्टला लावली की तापमान ९८ ते १०० दिसते आणि कधीकधी संगणक एकदम बंद पडतो. दुकानावर टिनाचे पत्रे आहेत. दुपारी भिंतीवरचा तापमापक ४३ दाखवतो. रात्री ३० असतो, तेव्हा तीच फाइल ८५ वर निघते. दुरुस्ती करणारे म्हणतात, प्रोसेसर गेला, बदलून टाका. बदलावाच लागेल का?

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी तसे अजिबात दिसत नाही. आपण खोलीचे तापमान दोन्ही वेळचे दिलेत, त्यामुळे हिशेब सोपा झाला. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा, प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच टाकत असतो, म्हणून काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल तर खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण एक अंशाने तापतो. रात्री आपला प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी वर असतो. दुपारच्या ४३ मध्ये ५५ मिळवले की ९८ होतात, म्हणजे नेमका तोच आकडा जो आपल्याला दिसतो आहे. प्रोसेसर रात्री जसा वागतो तसाच दुपारी वागतो आहे. फरक हवेत आहे. आता हे ५५ अंशांचे अंतर कमी कसे करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

मात्र "एकदम बंद पडतो" या शब्दांकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, आणि ती गाठल्यावर तो लगेच बंद पडत नाही, तर आपला वेग स्वतःहून कमी करतो, ज्यामुळे काम रेंगाळते पण संगणक चालू राहतो. आपोआप बंद होण्याची पाळी त्याहूनही बरेच वर गेल्यावर येते. म्हणून ९८ वर बंद पडत असेल तर एसएमपीएसवरही, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरही, संशय घ्यावा लागेल. बिचारा एसएमपीएस त्याच ४३ अंशांच्या हवेत काम करतो, आणि जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये तो वरच्या बाजूला असल्यामुळे प्रोसेसरची गरम हवाही त्याच्याच पोटातून बाहेर जाते. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट बऱ्याचदा २५ अंशांच्या हवेत मोजलेले असतात, ही गोष्ट विदर्भातल्या दुकानदारांनी तरी गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायला हवी. खात्री करायची असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा विनामूल्य प्रोग्रॅम सुरू करून त्यातली फाइलमध्ये नोंद करत राहण्याची सोय चालू करा आणि मग दुपारी नेहमीची फाइल एक्स्पोर्टला लावा. संगणक बंद पडल्यावर पुन्हा चालू करून त्या नोंदीच्या शेवटच्या ओळी वाचा. शेवटची ओळ १०० ला टेकून राहिलेली असेल तर थंड करण्याच्या व्यवस्थेपासून सुरुवात करा. ती नव्वदीच्या आत असेल तर आधी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहा. प्रोसेसर विकत घेण्याची वेळ या दोन्हींत कुठेच येत नाही.

आता साफसफाई. आपल्याकडे कोळशाची आणि सिमेंटची धूळ आधीच हवेत असते, त्यात दुकानातला कागदाचा आणि फ्लेक्सचा भुसा मिसळतो. वरून पाहिले तर पंख्याची पाती फारशी मळलेली दिसत नाहीत आणि त्यामुळेच बहुतेकांची फसगत होते. मळ बसतो तो पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी. मागच्या उन्हाळ्यात एका छापखान्यातला संगणक माझ्याकडे आला होता. त्याचा पंखा खाचांतून सोडवून उचलला, तेव्हा खाली राखाडी रंगाचा गोल, नमद्यासारखा घट्ट थर मिळाला, जो चिमटीत धरून अख्खा उचलता आला. त्या थरातून हवा जाणे शक्यच नव्हते. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि वारा बाजूने निसटत होता. तेवढा थर काढल्यावर त्या संगणकाचे तापमान त्याच कामात एकोणीस अंशांनी उतरले, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णतावाहक पेस्टला हातही न लावता.

साफ करताना वीजपुरवठ्याची वायर काढून ठेवा, कॅबिनेट बाहेर अंगणात न्या आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण जोराच्या वाऱ्याने तो नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी मदरबोर्डवर फिरवू नका. तिच्यावर स्थिर विद्युतभार साचतो. अडकलेल्या धुळीसाठी रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश पुरतो. पाच वर्षांनी पेस्टही सुकलेली असणार, तेव्हा हीटसिंक काढायचाच असेल तर ती बदलून घ्या. कशी, ते पुढच्या उत्तरात सविस्तर येतेच आहे.

एवढे करूनही पत्र्याखालच्या दुपारीत ९० च्या वर राहिले तर खोक्यातला छोटा ॲल्युमिनियमचा कूलर सोडून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामासाठी तो चैनीचा खर्च नाही. घेण्यापूर्वी त्याची उंची कॅबिनेटच्या रुंदीत बसते का ते मोजून घ्या आणि तो एलजीए १२०० सॉकेटला, म्हणजे आपला प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला, चालतो का ते विचारा. तोवर दुपारचे काम अडू नये म्हणून एक तात्पुरता उपाय आहे : विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० टक्क्यांवरून ९९ टक्के करा. त्यामुळे टर्बो, म्हणजे वेग तात्पुरता वाढवण्याची सोय, बंद होतो, आपला प्रोसेसर ४.३ ऐवजी २.९ गिगाहर्ट्झवर चालतो, फाइलला वेळ जास्त लागतो, पण तापमान चांगलेच खाली राहते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, वीजमर्यादेची सोय असेल तर तीही पाहा. या प्रोसेसरसाठी कायमची मर्यादा ६५ वॉटची आणि काही सेकंदांपुरती १३४ वॉटची नेमून दिलेली आहे. काही मदरबोर्ड कंपन्या ही मर्यादा परस्पर उठवून ठेवतात आणि मग छोटा पंखा कमी पडतो.

आणखी एक. दुकानात डेझर्ट कूलर असेल तर त्याने खोली जरूर थंड करा, विदर्भाच्या कोरड्या हवेत तो फार चांगले काम करतो; पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात, आणि ते सुकले की क्षार मागे राहतात.

प्रश्न : मी कोल्हापूरला महाविद्यालयात शिकतो. माझ्या कोअर आय५-८४०० ला सहा वर्षे झाली म्हणून व्हिडिओ पाहून स्वतः पेस्ट बदलली. त्याआधी साधारण ७५ पर्यंत जायचा. आता बायोस उघडून नुसता बसलो तरी अर्ध्या मिनिटात ८८ होतात. पेस्ट बनावट असेल का?

उत्तर : पेस्ट कितीही हलकी असली तरी एवढा फरक पडत नाही. बायोसमध्ये प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थांत जात नाही, त्यामुळे डेस्कटॉपवर दिसणाऱ्या तापमानापेक्षा तिथे थोडे जास्त दिसणे साहजिक आहे, पण अर्ध्या मिनिटात ८८ म्हणजे हीटसिंकचा तळ प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. आपला कूलर चार खुंट्यांवर बसणारा असणार, आणि त्यांतली किमान एक खुंटी अर्धवट बसली आहे, असे मी पत्रावरूनच सांगू शकतो.

या खुंट्यांची रचना समजून घेतली की चूक पुन्हा होत नाही. प्रत्येक खुंटीला खाली पांढरे, मधोमध चिरलेले प्लॅस्टिकचे पाय असतात आणि त्यांच्यातून एक काळी दांडी उतरते. पाय मदरबोर्डच्या छिद्रातून पलीकडे गेल्यावर दांडी खाली येते, पायांना फाकवते आणि तेव्हाच ते अडकतात. बसवण्यापूर्वी चारही खुंट्या मूळ स्थितीत फिरवून घ्या. डोक्यावरचा बाण काढण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नव्हे, आणि नेमका येथेच गोंधळ होतो. मग समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम दाबा, म्हणजे आधी एक कर्ण आणि नंतर दुसरा. प्रत्येक वेळी "टक्" असा आवाज यायला हवा. आवाजावर विसंबू नका. मदरबोर्ड बाहेर काढून त्याची मागची बाजू उजेडात धरा. चारही छिद्रांत पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मध्ये काळे टोक दिसले पाहिजे. एका ठिकाणी जरी टोक दिसले नाही, किंवा पाय वाकून छिद्राच्या कडेला टेकलेला दिसला, तर तोच आपला दोष. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये असताना या खुंट्या दाबल्या की तो मध्ये वाकतो आणि खुंटी बसल्याचा भास होतो, म्हणून थोडे कष्ट घेऊन तो बाहेर काढलेलाच बरा.

पुन्हा बसवताना जुनी पेस्ट वापरता येणार नाही, कारण एकदा उचलल्यावर तिच्यात हवा अडकते. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताला लावायचे सॅनिटायझर घेऊ नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि बोटाने न पसरवता हीटसिंकच्या दाबानेच तिला पसरू द्या. पेस्टचे काम धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म पोकळ्या भरण्याचे आहे. जाड थर दिला तर तीच अडथळा होते. दुसरा एक वाचक टूथपेस्ट चालेल का असे विचारतो, त्याचेही उत्तर येथेच देतो : चालणार नाही, कारण तिच्यातले पाणी काही दिवसांत उडून जाते आणि मागे उष्णता न वाहणारी खडूसारखी पूड उरते.

एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा द्यायलाच हवा. एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरून ठेवते. सुकलेली पेस्ट गोंदासारखी चिकटली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या संगणकाच्या बाबतीत माझ्या हातून हे घडले. तीन पिना वाकल्या होत्या. त्या पातळ पात्याने एकेक सरळ करायला सबंध संध्याकाळ गेली, आणि संगणक पुन्हा चालू होईपर्यंत त्या स्नेह्यांकडे पाहण्याचे मला धैर्य झाले नाही. तेव्हापासून मी एएम४ चा कूलर काढण्यापूर्वी संगणकावर दहा मिनिटे जड काम चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ होते, मग संगणक बंद करून, वायर काढून, हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळतो आणि तो मोकळा झाल्याचे हाताला कळल्यावरच उचलतो.

प्रश्न : पुण्यात नवीन संगणक जुळवला. रायझन ५ ७६००एक्स, चांगला टॉवर कूलर. सिनेबेंच हा वेग तपासणारा प्रोग्रॅम लावला की दहा सेकंदांत ९५. दुकानदार म्हणतो, असेच असते. परत करू का?

उत्तर : दुकानदार बहुधा खरे सांगत आहे. २०२२ मध्ये आलेल्या या पिढीत कमाल ९५ अंश ठरवलेले आहेत आणि जड कामात तिथपर्यंत जाऊन त्या मर्यादेत जितका वेग मिळेल तितका घ्यायचा, अशीच त्याची रचना आहे. खरी उष्णता निर्माण करणारी चकती नखापेक्षाही लहान आहे आणि तिच्यावरचे धातूचे झाकण जाड आहे, म्हणून कूलर उत्तम असूनही उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. प्रास्ताविकात मी चढण्याच्या वेगाविषयी लिहिले, त्याला हा प्रोसेसर अपवाद आहे. इथे तापमानाच्या शेजारी वॉट वाचायचे. ९५ अंशांवर असताना तो शंभर वॉटच्या वर वीज घेत असेल तर सारे ठीक आहे. साठ-सत्तर वॉटवरच ९५ दाखवत असेल तर कूलर काढा आणि त्याच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी सोलायची राहिली नाही ना, ते पाहा. ही पट्टी राहून गेलेले संगणक मी तीन वेळा पाहिले आहेत. आकडा डोळ्यांना खुपत असेल तर बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड निवडा. तापमान खूप उतरते आणि रोजच्या वापरात वेगातला फरक जाणवत नाही.

प्रश्न : मडगावहून लिहीत आहे. संगणक स्वच्छ केला, पेस्ट बदलली, तरी रायझन ५ ५६००जी काहीही न करता ७० वर बसलेला असतो आणि पंखा घोंघावत असतो. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की मात्र पंखा शांत होतो. हा काय प्रकार आहे?

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य वाचून मला काळजी वाटली. टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवायचे आणि तो बंद होताच पुन्हा सुरू करायचे, ही संगणकाची ताकद चोरून क्रिप्टो चलन काढणाऱ्या काही घातक प्रोग्रॅमांची ओळखीची चाल आहे. कूलरला दोष देणे थांबवा. खात्रीसाठी एक चाचणी करा : दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी लिनक्स पेनड्राइव्हवर तयार करून घ्या, आपला संगणक तिच्यावरून सुरू करा, इन्स्टॉल काही करू नका आणि पंधरा मिनिटे तसाच ठेवा. हार्डवेअर तेच, खोली तीच, पण डिस्कवरचे विंडोज झोपलेले. अशा वेळी पंखा शांत राहिला आणि तापमान चाळिशीच्या आसपास उतरले, तर दोष विंडोजमधल्या कोणत्या तरी प्रोग्रॅमचा आहे हे सिद्ध झाले.

मग इंटरनेट तोडून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवा. अलीकडे एखादे महागडे सॉफ्टवेअर "क्रॅक" करून घेतले असेल तर दार तिथूनच उघडले असण्याची दाट शक्यता आहे. माझा सल्ला विचाराल तर कागदपत्रे आणि फोटो वेगळे काढून विंडोज नव्याने घालावे आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. प्रोसेसरच्या तापमानापेक्षा ती गोष्ट कितीतरी तातडीची आहे. चाचणीत लिनक्सवरही ७० च राहिले तर मला पुन्हा लिहा, आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पूड धरली आहे का तेही कळवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम असे खराब होताना दिसते.

रायझनचे तापमान रिकाम्या वेळी चाळीस-पन्नासच्या दरम्यान क्षणोक्षणी उड्या मारताना दिसले तर ते मात्र स्वाभाविक आहे, असे इतर वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

प्रश्न : ठाण्यात राहतो. २०२० साली घेतलेला, पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा लिक्विड कूलर आहे, प्रोसेसर आय७-१०७००के. आठवड्यापूर्वी खळखळ आवाज आला. आता चालू केल्यावर मिनिटभरात ९५ होऊन संगणक बंद पडतो. रेडिएटरचे दोन्ही पंखे व्यवस्थित फिरतात.

उत्तर : पंखे फिरतात म्हणजे पाणी फिरते असे नाही. संगणक चालू करा आणि तो बंद पडण्यापूर्वी रेडिएटरला हात लावा. प्रोसेसर ९५ वर असताना रेडिएटर गार लागत असेल तर उष्णता तिथवर पोहोचतच नाही, अर्थात पंप थांबला आहे किंवा त्याच्यात हवा अडकली आहे. आधी पंपाची वायर पाहा. ती साटा पॉवरची, म्हणजे थेट एसएमपीएसमधून येणारी, असेल तर निसटलेली असू शकते, आणि मदरबोर्डवरच्या पंपाच्या जागी जोडलेली असेल तर बायोसमध्ये तिथे पूर्ण वेग निवडलेला हवा आणि फेऱ्यांचा आकडा शून्याच्या वर दिसला पाहिजे. हे सर्व ठीक असेल तर कॅबिनेट काही वेळ असे तिरके धरून पाहा की रेडिएटर पंपापेक्षा वर राहील. या बंद कूलरमधले पाणी वर्षानुवर्षे नळ्यांतून अगदी थोडे थोडे उडत असते, तिथे हवा शिरते, आणि रेडिएटर खालच्या पातळीवर बसवलेला असेल तर ती हवा पंपात येऊन साचते. आपण ऐकलेली खळखळ तीच असावी.

आकडा तरीही उतरला नाही तर तो कूलर उघडून पाणी भरण्याच्या फंदात पडू नका, कारण गळती झाली तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही हातचे जातील. बिल शोधा; अनेक लिक्विड कूलरना पाच-सहा वर्षांची हमी असते आणि आपला अजून तिच्यात बसत असण्याची शक्यता आहे. बदलून मिळेपर्यंत संगणक त्याच कूलरवर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एलजीए १२०० ला बसणारा साधा टॉवर कूलर मिळेल. तो लावा आणि बायोसमध्ये कायमची वीजमर्यादा १२५ वॉटवरून ६५ वर आणा. कार्यालयाचे काम, हिशेब आणि ब्राउझर एवढ्यावर आरामात चालेल.